के, क्ष आणि तीन ओळींचा तक्ता: समतोल स्थिरांकाची गणितं सोडवायची कशी

रासायनिक समतोलाचं चॅप्टर थिअरी म्हणून वाचताना सगळं पटत जातं. रिॲक्शन दोन्ही बाजूंनी चालू असते, दोन्हीकडचा वेग सारखा झाला की बाहेरून काही बदलताना दिसत नाही, ठीक आहे, समजलं. मग पहिलं गणित समोर येतं आणि पेन तिथेच अडतं, कारण कुठला आकडा कुठे टाकायचा हेच कळत नाही. खरं तर यातलं गणित म्हणून जे असतं ते फार तर वर्गसमीकरण, त्यापुढे सहसा काही जात नाही. मार्क जातात ते त्याच्या आधी, आकडे मांडताना. त्यामुळे मी इथे बीजगणितापेक्षा मांडणीवरच जास्त वेळ घालवणार आहे, कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

पायरी १: समीकरण बॅलन्स करा आणि के लिहून टाका

हो, दरवेळी. आधी रिॲक्शन बॅलन्स करायची आणि मग त्या शेजारीच के चं, म्हणजे समतोल स्थिरांकाचं, सूत्र लिहायचं, आकडे हातात यायच्या आधी. नियम सोपा आहे: तयार होणारे पदार्थ अंशात, सुरुवातीचे पदार्थ छेदात, आणि समीकरणातला गुणांक त्या पदार्थाच्या डोक्यावर घात म्हणून. हा कायदा गुल्डबर्ग आणि वागे या दोन नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी १८६४ साली मांडायला सुरुवात केली, तेव्हापासून तेच चालू आहे.

उदाहरण म्हणून सगळीकडे भेटणारी रिॲक्शन घेऊ:

हायड्रोजन + आयोडीन ⇌ २ हायड्रोजन आयोडाइड

केसी = [हायड्रोजन आयोडाइड]² ÷ ([हायड्रोजन] × [आयोडीन])

चौकोनी कंस म्हणजे समतोलावेळची कॉन्सन्ट्रेशन, मोल प्रति लिटरमध्ये, आणि केसी म्हणजे कॉन्सन्ट्रेशन वापरून काढलेला के. 'समतोलावेळची' हा शब्द पक्का लक्षात ठेवा, सुरुवातीचे आकडे यात टाकले तर जे निघतं ते के नसतं, ते दुसरंच काहीतरी असतं आणि त्याचाही उपयोग आहे, पुढे येईलच.

४३० डिग्री सेल्सिअसला या रिॲक्शनचा केसी ५४.३ आहे. पण हा ५४.३ फक्त वर लिहिलेल्या समीकरणाचा हां. तेच समीकरण उलटं लिहिलं तर के उलटा होतो, १ ÷ ५४.३ म्हणजे ०.०१८४. सगळे गुणांक निम्मे केले तर वर्गमूळ घ्यायचं, ७.३७. दोन रिॲक्शनची बेरीज केली तर दोघांच्या के चा गुणाकार. त्यामुळे प्रश्नात नुसता 'के इतका आहे' असं दिलेलं असेल तर तो कुठल्या बाजूने लिहिलेल्या समीकरणाचा आहे ते आधी बघा, प्रश्न काढणारे इथे मुद्दाम खड्डा खणून ठेवतात.

सूत्रात काय घ्यायचं नाही तेही इथेच ठरतं. शुद्ध घन आणि शुद्ध द्रव येत नाहीत. चुनखडी तापवली की कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड होतो, यात दोन पदार्थ घन, तेव्हा केपी (कॉन्सन्ट्रेशनऐवजी गॅसचे दाब वापरून काढलेला के) म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइडचा दाब, बस्स. चुनखडी चिमूटभर आहे की पोतंभर याने त्या दाबाला काही फरक पडत नाही, फक्त दोन्ही घन थोडे तरी शिल्लक हवेत. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांची रिॲक्शन असेल तर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मात्र तेच पाणी वाफ म्हणून गॅस रिॲक्शनमध्ये आलं तर घ्यावंच लागतं. 'पाणी नेहमी सोडायचं' असं पाठ करून ठेवलेले लोक इथे हमखास फसतात.

पायरी २: मोल आहेत की कॉन्सन्ट्रेशन, ते बघा

ही पायरी इतकी छोटी आहे की कोणी ती वेगळी धरतच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. प्रश्नात भांड्याचं आकारमान दिलेलं असेल तर तक्ता काढायच्या आधी सगळे मोल त्या लिटरने भागून घ्या.

हायड्रोजन आयोडाइडच्या गणितात भागायचं विसरलात तरी उत्तर बरोबर येतं! कारण वर दोन घात, खाली एक अधिक एक, लिटर कटून जातात. त्यामुळे या एकाच रिॲक्शनवर सराव केलेल्याला वाटतं की आपलं चाललंय व्यवस्थित. मग सल्फर डायऑक्साइडचं गणित येतं आणि उत्तर जुळत नाही. तेच करून बघू.

पायरी ३: तीन ओळींचा तक्ता

प्रश्न असा समजा: २ लिटरच्या भांड्यात ०.८० मोल सल्फर डायऑक्साइड आणि ०.६० मोल ऑक्सिजन घेतला. समतोल आल्यावर सल्फर ट्रायऑक्साइड ०.६० मोल सापडला. केसी काढा. (आकडे सोयीसाठी घेतलेत, पद्धत बघा.)

२ सल्फर डायऑक्साइड + ऑक्सिजन ⇌ २ सल्फर ट्रायऑक्साइड

आधी दोनने भागलं: ०.४०, ०.३०, आणि शेवटी ट्रायऑक्साइड ०.३०. आता तक्ता, क्रम समीकरणातलाच ठेवायचा:

सुरुवात: ०.४०, ०.३०, ०
बदल: −०.३०, −०.१५, +०.३०
शेवट: ०.१०, ०.१५, ०.३०

हा तक्ता म्हणजे वहीतला जमाखर्चच आहे, सुरुवातीची शिल्लक, झालेली उलाढाल आणि उरलेली शिल्लक. तिन्ही ओळींत सगळ्यात महत्त्वाची मधली, कारण गुणांक फक्त तिथेच लागू होतात. ट्रायऑक्साइड शून्यावरून ०.३० झाला, म्हणजे बदल +०.३०. डायऑक्साइडचा गुणांक तेवढाच आहे म्हणून −०.३०. ऑक्सिजनचा गुणांक निम्मा, म्हणून −०.१५. पहिल्या ओळीत गुणांकाचं काही काम नाही, भांड्यात कोणी किती ओतलं याचा समीकरणाशी संबंध नसतो. बरेच जण सुरुवातीचे आकडेसुद्धा २ : १ मध्ये बसवायला जातात, कशाला?

आता फक्त शेवटची ओळ सूत्रात टाकायची:

केसी = (०.३०)² ÷ ((०.१०)² × ०.१५) = ०.०९० ÷ ०.००१५ = ६०

आणि लिटरने भागलं नसतं तर? (०.६०)² ÷ ((०.२०)² × ०.३०) = ३०. बरोबर निम्मं. आकडा अगदी सभ्य दिसतो, शंका यायला जागाच नाही, ऑप्शनमध्येही बहुतेक ३० दिलेला असतोच.

पायरी ४: के दिलाय, शेवटचे आकडे काढायचेत, मग क्ष

हा उलटा प्रकार जास्त विचारतात. तक्ता तोच, फक्त बदल माहीत नाही म्हणून तिथे क्ष. गुणांक क्ष ला चिकटतो: एक असेल तर क्ष, दोन असेल तर २क्ष.

२ लिटरच्या भांड्यात ०.४० मोल हायड्रोजन आणि ०.४० मोल आयोडीन, तापमान ४३० डिग्री, केसी ५४.३. इथे लिटर कटणार हे माहीत असलं तरी भागून घ्या, सवय मोडू नका. ०.२० आणि ०.२०.

सुरुवात: ०.२०, ०.२०, ०
बदल: −क्ष, −क्ष, +२क्ष
शेवट: ०.२० − क्ष, ०.२० − क्ष, २क्ष

सूत्रात टाकलं की (२क्ष)² ÷ (०.२० − क्ष)² = ५४.३. आता कंस सोडवत बसू नका! वर पण वर्ग, खाली पण वर्ग, दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घ्या: २क्ष ÷ (०.२० − क्ष) = ७.३६९. यातून ९.३६९क्ष = १.४७४, क्ष = ०.१५७. म्हणजे हायड्रोजन आणि आयोडीन प्रत्येकी ०.०४३ आणि हायड्रोजन आयोडाइड ०.३१५ मोल प्रति लिटर. ही वर्गमुळाची सोय सुरुवातीचे दोन आकडे सारखे असतील तेव्हाच मिळते, एक ०.२० आणि दुसरा ०.३० असेल तर मुकाट्याने वर्गसमीकरण.

क्ष निघाला की उत्तर संपलं असं समजून थांबणारेही खूप. प्रश्नात विचारलंय ते बहुतेक वेळा ०.२० − क्ष किंवा २क्ष असतं, परत एकदा प्रश्न वाचा.

पायरी ५: तिन्ही पदार्थ आधीच भांड्यात असतील तर क्यू

वरच्या गणितात ट्रायऑक्साइड किंवा हायड्रोजन आयोडाइड सुरुवातीला शून्य होतं, त्यामुळे रिॲक्शन पुढेच जाणार हे उघड होतं. पण समजा त्याच ४३० डिग्रीला हायड्रोजन ०.०२०, आयोडीन ०.०२० आणि हायड्रोजन आयोडाइड ०.३० मोल प्रति लिटर आहे, आता कुठे जाणार? अशा वेळी के च्याच सूत्रात सुरुवातीचे आकडे टाकायचे, त्याला क्यू म्हणतात.

क्यू = (०.३०)² ÷ (०.०२० × ०.०२०) = २२५

क्यू के पेक्षा मोठा, म्हणजे तयार माल गरजेपेक्षा जास्त झालाय, रिॲक्शन मागे येणार. क्यू लहान असता तर पुढे गेली असती, सारखा असता तर समतोल आधीच आलेला. आता मधल्या ओळीची चिन्हं ठरली: +क्ष, +क्ष, −२क्ष.

(०.३० − २क्ष) ÷ (०.०२० + क्ष) = ७.३६९, क्ष = ०.०१६३. म्हणजे हायड्रोजन आणि आयोडीन ०.०३६३ प्रत्येकी, हायड्रोजन आयोडाइड ०.२६७.

क्यू न काढता चिन्हं उलटी धरली असती तर क्ष = −०.०१६३ आला असता आणि शेवटचे आकडे तेच निघाले असते, गणित स्वतःच सांगतं की बाबा उलटं चाललंय. पण पुढच्या पायरीतला शॉर्टकट वापरायचा असेल तर दिशा आधी माहीत असलेली बरी, त्यामुळे क्यू ला दहा सेकंद द्याच.

पायरी ६: वर्गसमीकरण करायचं की क्ष सोडून द्यायचा

के खूप लहान असेल तर क्ष पण लहान असतो आणि (०.१० − क्ष) ला सरळ ०.१० धरता येतं. हा शॉर्टकट सगळ्यांचा लाडका आहे, पण तो कधी चालतो हे न बघता वापरतात.

जिथे चालतो ते उदाहरण: ०.१० मोलर (म्हणजे मोल प्रति लिटर) ॲसिटिक ॲसिड, केए (ॲसिड पाण्यात दोन आयनांत फुटण्याचा के) १.८ × १०⁻⁵. शेवटच्या ओळीतून क्ष² ÷ (०.१० − क्ष) = १.८ × १०⁻⁵. खालचा क्ष सोडला की क्ष² = १.८ × १०⁻⁶, क्ष = १.३४ × १०⁻³. आता तपासणी: क्ष हा ०.१० च्या किती टक्के? १.३ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल तर चालतं असा संकेत आहे. पूर्ण वर्गसमीकरण सोडवलं तर १.३३ × १०⁻³ येतं, फरक नगण्य.

जिथे फसतो ते: डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड ⇌ २ नायट्रोजन डायऑक्साइड. पहिला रंगहीन, दुसरा तपकिरी. २५ डिग्रीला केसी ४.६३ × १०⁻³. सुरुवातीला फक्त टेट्रॉक्साइड, ०.१०० मोलर.

(२क्ष)² ÷ (०.१०० − क्ष) = ०.००४६३

के लहानच दिसतोय की, सोडून द्या क्ष! केलं तर ४क्ष² = ०.०००४६३, क्ष = ०.०१०८. तपासलं तर १०.८ टक्के, पाचच्या बरंच वर. नापास. मग सरळ मांडायचं:

४क्ष² + ०.००४६३क्ष − ०.०००४६३ = ०

सूत्र वापरून क्ष = (−०.००४६३ + ०.०८६१९) ÷ ८ = ०.०१०२. दुसरं उत्तर −०.०११४ येतं, ते घेतलं तर नायट्रोजन डायऑक्साइडची कॉन्सन्ट्रेशन उणे होईल, म्हणून बाद. कधी कधी दोन्ही उत्तरं धन येतात, तेव्हा जे सुरुवातीच्या साठ्यापेक्षा मोठं असेल ते बाद, होतं त्यापेक्षा जास्त खर्च होऊ शकत नाही. तर शेवटी टेट्रॉक्साइड ०.०८९८ आणि डायऑक्साइड ०.०२०४ मोलर.

आधीच अंदाज हवा असेल तर क्ष² ÷ (साठा − क्ष) अशा साच्यात साठा भागिले के ४०० च्या वर असला की शॉर्टकट चालतो. हा ४०० आकाशातून पडलेला नाही, ०.०५ चा वर्ग म्हणजे ४०० वा भाग, इतकंच. ॲसिटिक ॲसिडला हा भागाकार ५५०० च्या वर जातो. टेट्रॉक्साइडच्या साच्यात वर ४क्ष² आहे म्हणून तिथे १०० पुरतात, पण आपल्याकडे जेमतेम २२ निघतात.

आणि के प्रचंड मोठा असेल तर? तिथे पुढच्या दिशेने क्ष धरला की तो साठ्याच्या इतका जवळ येतो की वजाबाकीत कॅल्क्युलेटर शून्य दाखवतो. युक्ती अशी की आधी रिॲक्शन पूर्ण झाली असं धरायचं, लिमिटिंग पदार्थ (जो आधी संपतो तो) संपवून टाकायचा आणि मग तिथून मागे थोडासा क्ष येऊ द्यायचा. ०.०१० मोलर सिल्व्हर आयन आणि ०.२२ मोलर अमोनिया घ्या, यांचा कॉम्प्लेक्स (दोघं जोडून बनलेला आयन) होण्याचा स्थिरांक साधारण १.७ × १०⁷. एका सिल्व्हरला दोन अमोनिया लागतात, तेव्हा सगळा सिल्व्हर गेला असं धरलं की कॉम्प्लेक्स ०.०१०, अमोनिया ०.२०, सिल्व्हर ०. आता मागे क्ष: ०.०१० ÷ (क्ष × ०.२०²) = १.७ × १०⁷, क्ष = १.५ × १०⁻⁸. एका ओळीत काम झालं.

पायरी ७: उत्तर परत सूत्रात टाका

मिळालेले शेवटचे आकडे के च्या सूत्रात टाकून बघा, दिलेला के परत यायला हवा. टेट्रॉक्साइडचं बघा: ०.०२०४² ÷ ०.०८९८ = ०.००४६३. आला. पाच टक्के वगैरे इकडे तिकडे असेल तर राउंडिंग, दुप्पट किंवा निम्मा येत असेल तर गुणांक किंवा घात कुठेतरी सुटलाय. मधल्या स्टेपला आकडे छाटू नका, कॅल्क्युलेटरमध्ये राहू द्या आणि शेवटी छाटा, नाहीतर ही तपासणीच बिघडते. मात्र लिटरने भागायची चूक यातून पकडली जात नाही, त्यासाठी पायरी २ च.

गॅस असतील तर केपी

दाब दिलेले असतील तर तक्ता दाबाचाच काढा, पद्धत जशीच्या तशी. एकातून दुसऱ्यात जायचं असेल तर केपी = केसी × (आरटी) चा घात डेल्टा एन. डेल्टा एन म्हणजे उजवीकडचे गॅसचे मोल वजा डावीकडचे गॅसचे मोल, घन आणि द्रव मोजायचे नाहीत. आर म्हणजे गॅस स्थिरांक, टी म्हणजे तापमान, तेही केल्विनमध्येच. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये असेल तर आर ०.०८२१, बारमध्ये असेल तर ०.०८३१, आणि ८.३१४ इथे चुकूनही टाकू नका.

अमोनिया बघा, नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया, ३७५ डिग्रीला केसी १.२. डेल्टा एन = २ − ४ = −२. आरटी = ०.०८२१ × ६४८ = ५३.२, त्याचा वर्ग साधारण २८३०, घात उणे म्हणून भागायचं: केपी = १.२ ÷ २८३० = ४.२ × १०⁻⁴. हायड्रोजन आयोडाइडला डेल्टा एन शून्य, तिथे केपी आणि केसी एकच.

के ला युनिट लिहायचं का यावर वाद घालत बसू नका. काटेकोरपणे प्रत्येक कॉन्सन्ट्रेशन १ मोलरच्या आणि प्रत्येक दाब १ बारच्या तुलनेत घेतलेला असतो, म्हणून के ला युनिट नसतं. काही पुस्तकं तरी लिहितात, तुमच्याकडे जे चालतं ते लिहा.

आता एक तुम्ही करा. तेच टेट्रॉक्साइड, तेच २५ डिग्री, फक्त सुरुवात ०.१०० ऐवजी ०.०१०० मोलर. तक्ता, वर्गसमीकरण, तपासणी, सगळं. क्ष = ०.००२८७ यायला हवा, टेट्रॉक्साइड ०.००७१३, डायऑक्साइड ०.००५७४. आधीच्या गणितात १०.२ टक्के टेट्रॉक्साइड फुटलं होतं, इथे २८.७ टक्के फुटलंय आणि के मात्र दोन्हीकडे तोच ४.६३ × १०⁻³, कारण तो हलतो फक्त तापमान बदललं की.